पहिले सही, मंग दही

आमच्या भटूआप्पांकडे कढीपत्त्याची काडी मागून बघा. काडी मिळेल, पण तिच्यासोबत तीन पानी फॉर्म येईल. मागणाऱ्याचं नाव, झाडाचं नाव, हेतू, कालावधी. मी एकदा हेतूच्या रकान्यात 'कढी' लिहिलं, तर आप्पांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "घरगुती का व्यापारी?"

आप्पा आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. तहसील कचेरीत आयुष्यभर कारकुनी केली, निवृत्त झाले आणि गावाच्या जैवविविधता समितीवर गेले. नंदुरबारला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. बाकीचे सदस्य जेवून परत आले, आप्पा कायदा घेऊन आले. आपल्या हळदीवर परक्या देशात कुणी पेटंट घेतलं होतं, आणि मग ते भांडून रद्द करवावं लागलं, हे त्यांनी तिथे ऐकलं. माणूस पेटलाच. गावातलं कुठलंही बी, कुठलाही पाला, कुठलीही युक्ती, ज्याची आहे त्याच्या संमतीशिवाय हलता कामा नये. "पहिले सही, मंग दही," हे त्यांचं ब्रीद.

माझ्या घरी एकदा भाकरी-ठेचा खाल्ला. हात धुतले आणि माझ्या बायकोला विचारलं, "हाऊ ठेचा तुमले कोनी शिकाडा?"

"मन्ही मायनी."

"माय हयात शे ना? मंग तिनी संमती लागी."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ एसटीने विसरवाडीला! माझ्या सासूबाईंनी सही केली, वर दोन दिवस ठेवून घेतलं. आप्पा परत आले ते अर्धा डबा शेवया घेऊन. मी त्या घरचा जावई, पण शेवयांचा डबा मला कधी मिळाला नाही. आप्पांचं म्हणणं, त्या शेवया म्हणजे कायद्यात सांगितलेलं लाभाचं वाटप.

हे सगळं आप्पा एका जाड वहीत लिहीत. समितीची नोंदवही. तिच्यात गावाच्या पिकापाल्याची माहिती, आणि प्रत्येक नोंदीपुढे ज्ञानधारकाचं नाव. इथवर मी सहन केलं असतं. पण आप्पांनी दर वर्षी संमतीचं नूतनीकरण काढलं, तेही आखाजीच्या दुपारी! आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, केवढा सण. घरोघरी लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, खापरावरचे मांडे, आमरस. असं पोटभर जेवून माणूस आडवा व्हायचा, तर आप्पांच्या ओट्यावर जाऊन सही करा. तीही नुसती नाही. आधी आपलं ज्ञान सगळ्यांसमोर पुन्हा सांगायचं, त्याला ते तंत्रज्ञान हस्तांतर म्हणत. गल्लीतली सकीनाचाची मिरचीचं बी राखेत कसं घोळायचं ते सांगायची. मी माझ्या आजोबांची गोष्ट सांगायचो, तुरीच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालायची. कडुलिंबाचा पाला उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण आप्पा डोळे मिटून असे ऐकत की मलाच ते नवीन वाटायचं.

एकदा वैतागून म्हटलं, "आप्पा, एकदाच कायमची संमती घ्या ना."

"कायम कोनी देखेल शे, मास्तर? एक वरीस."

गेल्या आखाजीला मात्र मी तयारीने गेलो. कायदा आणला, नियम आणले, आठवडाभर बसून वाचले. मास्तरकीची खोड आहे, चूक सापडली की लाल पेन बाहेर येतं. ओटा भरलेला होता. सगळ्यांदेखत मी विचारलं, "आप्पा, दर वर्षी नूतनीकरण करायचं, हे कुठल्या कलमात आहे? मला तरी सापडलं नाही."

आप्पांनी कागद चाळले. पुन्हा चाळले. मग चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "नही लिखेल."

मी जिंकलो होतो, आणि माझं लक्ष त्यांच्या मागच्या उघड्या दारातून आत गेलं. खाट, माठ, खुंटीला एक सदरा. दोन्ही मुलं सुरतेला, काकूही नातवंडं सांभाळायला तिकडेच. मुलगी नाही. आखाजीला गावात लेक न येणारं घर ते एकच. इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहून मला हे दिसलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

तेवढ्यात सकीनाचाचीने पेन ओढलं. "मास्तर, आम्हले पहिला सालपासून माहीत शे. मन्हा भाचा वकील शे."

"मग येता कशाला?"

"मन्ही मिरचीनं माले कोन इचारस? घरमा बी कोनी नही. हाऊ एकलाच इचारस." आणि तिने सही ठोकली. तिच्यामागे बाकीचे सरकले. माझी बायकोही पदराला हात पुसत आली, विसरवाडीहून आईची या वर्षाची सही घेऊन.

आप्पांनी चष्मा चढवला. वहीत माझं पान उघडून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, कायदा तुम्ही वाचेल शे. मंग ज्ञानधारक तुम्ही. लिखस." आणि खरंच लिहिलं. कडुलिंबाच्या खाली, ज्ञान: कायदा.

मग कालावधीच्या रकान्यावर पेन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. "आते तुम्हीच सांगा. कायम लिखू?"

"छे," मी म्हटलं, "एकच वर्ष लिहा. पुढच्या आखाजीला परत येतो."