खुर्चीत न बसणारे साहेब

आमचे रामटेके साहेब सकाळी ऑफिसात दिसतात ते पँटचे पाय दुमडलेले आणि हातात पाण्याचा पाइप घेऊन, कूलर भरताना. हे आमच्या शाखेचे प्रमुख आहेत, असं नव्या माणसाला सांगावं लागतं. सांगितलं तरी तो फाईल माझ्याच पुढे करतो.

बियाणं विकणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या हुडकेश्वर शाखेत मी कार्यालय अधीक्षक आहे. सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक काम खोडायचं, ही माझी पद्धत. साहेबही आधी ठीक होते, चहा तेवढा टपरीवर जाऊन प्यायचे. मग त्यांनी घरबसल्या नेतृत्वशास्त्राची पदविका करायला घेतली. त्यात सेवक नेतृत्वाचं प्रकरण आलं आणि साहेब तिथेच मुक्कामाला राहिले. पुढची प्रकरणं अजून कोरी आहेत.

तेव्हापासून ते टेबलाटेबलाशी जाऊन विचारतात, "बोला, मी तुमच्यासाठी काय करू?" सही करा म्हटलं, तर समोर बसून डोळे मिटतात. पुस्तकात म्हणे ऐकण्याला फार महत्त्व आहे. डोळे उघडले की, "मॅडम, या फाईलबद्दल तुम्हाला मनातून काय वाटतं?" ती स्टेशनरीची फाईल असते. मला मनातून जे वाटतं, ते ऑफिसात बोलता येत नाही. मी कुणाला काम सांगितलं की लगेच हळूच कानाशी येतात, "हे हुकूमशाही नेतृत्व झालं, मॅडम."

खरी पंचाईत शांताबाईची झाली. ती आमची कंत्राटी शिपाई, उमरेडहून एसटीनं येते. ती पोचेपर्यंत साहेबांनी झाडलेलं असे, माठ भरलेला असे, चहाही उकळत असे. बिचारी स्टुलावर हात बांधून बसायची. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, साहेब माहं काम काहून करून राहिले? माहं काही चुकलं का?"

मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा डबाही धुऊन ठेवला.

मग एप्रिलात मुख्य कार्यालयाचे तपासनीस आले. त्यांनी पाहिलं, तर साहेब ट्रेमधून चहा वाटताहेत आणि शिपाई स्टुलावर बसली आहे. संध्याकाळी त्यांनी अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. शिपायाचं पद अनावश्यक आहे, कंत्राट पुढे चालवू नये. शाखाप्रमुखांची सही उद्या घ्यायची. शांताबाईची मुलगी नर्सिंगला आहे. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही.

मसुदा घेऊन मी थेट साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, तुमच्या सेवेनं तिची नोकरी घालवली. साहेबांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मग आता मी काय करू, मॅडम?"

"बसा," मी म्हटलं. "खुर्चीत. आणि उद्या जे लागेल ते तिला मागा."

दुसऱ्या दिवशी साहेब बसले. दंतवैद्याकडे बसावं तसे. कूलरचं पाणी संपलं तेव्हा अर्धे उठले. मी काचेतून बघितलं, तशी परत टेकले. पाणी मागतानाही ते शांताबाईची क्षमा मागत होते. तिला मात्र चांगलाच हुरूप आला होता. पाणी, फाइली, झेरॉक्स, चहा, तिचं येणं-जाणं थांबेना. "बसा जी साहेब, मी हाव ना," असं दर खेपेला बजावून जायची.

दुपारी तपासनिसांनी मसुदा सहीसाठी पुढे केला. मला वाटलं, आता साहेब त्यांना मनातून काय वाटतं ते विचारणार.

"नाही," साहेब म्हणाले. "चूक माझी होती, पदाची नाही. शांताबाई राहतील."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. सही झाली नाही. तपासनिसांनी थोडा वाद घातला, बाहेर धावपळ करणाऱ्या शांताबाईकडे पाहिलं, शेवटी तो परिच्छेद खोडला आणि गाडीत बसून निघून गेले.

साहेब मात्र खुर्चीतून हलेनात. मी आत जाऊन सांगितलं, गेले ते, आता उठलात तरी चालेल.

"हो," ते म्हणाले, पण उठले नाहीत. पुढ्यात रिकामा कप होता. "आमच्या हिनं अंथरूण धरलं ना, मॅडम, तेव्हापासून घरचं सगळं मीच करतो. तिचं जेवण, औषध, वेणीसुद्धा. तिचं करतो, त्याचं काही नाही. पण आयता चहा कुणी हातात आणून दिला नव्हता मले. इतक्या वर्षांत."

इतकी वर्षं मी त्यांच्यासोबत काम करते. हे मला ठाऊक नव्हतं.

शांताबाई कप उचलायला आली. साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "अजून एक मिळंल का? म्हणजे तुमाले जमत असंल तर."

आता बघायला तपासनीस नव्हते. ती गेली, आलं ठेचून चहा केला आणि त्यांच्यापुढे ठेवून तिथेच उभी राहिली.

"गरम हाय, साहेब," ती म्हणाली. "फुकून फुकून प्या."

आमच्या शाखेच्या प्रमुखांनी मुकाट्यानं कप उचलला आणि फुंकर घातली.