आजारी शेळी

"बाबा, शेळीसाठी शुभेच्छा आल्यात," म्हणत लेकीने दप्तरातून एक फुगलेलं पाकीट काढलं, तेव्हा दिवसभर लिफ्टा दुरुस्त करून आलेले बाबा मोरीत हाताचं ग्रीस घासत होते. आत रंगीत कागदांची घडी केलेली कार्डं होती आणि प्रत्येकावर एक शेळी. कुणी तिच्या तोंडात थर्मामीटर दिला होता, कुणी चारी पायांना पट्ट्या बांधल्या होत्या. वर लिहिलं होतं, "लवकर बरी हो!"

चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत शेळी सोडा, साधी मांजर कधी टिकली नव्हती.

"कुठली शेळी?"

"आपली. पुस्तकातली."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. दुसऱ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची मुलांना ओळख व्हावी म्हणून बाईंनी वर्गात एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यात प्रत्येक समाजाचं एक घर होतं. 'आपल्या' पानावर बाबा गोंड्याची टोपी घालून डफ बडवत होते, आईच्या डोक्यावर घडा होता, आजी चुलीपुढे बसून गोष्ट सांगत होती आणि या सगळ्यांच्या मधोमध शेळी उभी होती. बाईंनी मोठ्या प्रेमाने विचारलं होतं, "हे तुझं घर ना? सांग बरं सगळ्यांना!"

"मग तू नाही म्हणायचंस!"

"म्हटलं मी. तर बाई म्हणाल्या, आपल्या संस्कृतीची कधी लाज वाटून घ्यायची नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते. मग मी म्हटलं, आहे शेळी, पण सध्या आजारी आहे." लेकीचा आवाज बारीक झाला. "आता बाई तिला भेटायला येऊ का विचारतायत."

बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डफ? आमच्या सात पिढ्यांत कुणी डफ वाजवला नाही! मला साधी शिट्टी वाजवता येत नाही!"

"आणि माझ्या डोक्यावर घडा?" दातांच्या डॉक्टरांकडे काउंटर सांभाळणारी आई उसळली. "मला डोक्यावर हेल्मेट सोसत नाही!"

आजी मोबाईलवर फुगे फोडत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "चुलीपुढे कशाला बसवलं मला? मी गॅसपुढे तरी कुठे उभी राहते?"

दुसऱ्या दिवशी बाबा कामाच्या कपड्यांतच शाळेत धडकले. आपलं घर म्हणजे काय जत्रेतला तंबू आहे? कुणीही उठावं आणि आमच्या नावावर शेळ्या बांधाव्यात? लेकरावर खोटं बोलायची पाळी यावी, याचा त्यांना सर्वांत जास्त राग होता आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला. बाई ओशाळल्या. चूक त्यांनी लगेच कबूल केली, त्यामुळे बाबांचं बरंचसं भांडण पोटातच राहिलं. चित्रकार बाई याच शहरात राहतात, पुस्तक नव्याने छापायचं चाललंय, त्या घरी येऊन खरं तेच काढतील, असं ठरलं. "ते चित्र तुमची लेकच वर्गात दाखवेल," बाई म्हणाल्या. "शेळीचं काय ते तेव्हाच सांगून टाकेल."

"पाठवा त्यांना!" बाबा गरजले. "खरं काय असतं ते एकदा कळू दे लोकांना!"

रविवारी सकाळपासून खरं दाखवायची तयारी सुरू झाली. वाळत घातलेले कपडे ओलेच कपाटात गेले. बाबांची हत्यारांची पेटी बाल्कनीत चादरीखाली गेली. आईने लग्नातली साडी काढली. आजीचा मोबाईल जप्त होऊन तिच्या हातात लोकर आणि सुया आल्या. विणकाम तिला येत नव्हतं, म्हणून एका सुईने ती डोकं खाजवत बसली. बाबा कोट चढवून, मांडीवर कायद्याचं जाडजूड पुस्तक उघडून खुर्चीत बसले. मागच्या फळीवर तसलीच आणखी पुस्तकं ओळीने लावली होती.

"बाबा, पेटी का लपवली?"

"पाहुण्यांसमोर पसारा नको."

"पण त्या खरं घर काढणार आहेत ना?"

"खरंच आहे की हे! फक्त आवरलंय."

चित्रकार बाई आल्या आणि मन लावून चित्र काढत बसल्या. तोवर बाबांनी पुस्तकाचं पान एकदाही उलटलं नाही. काम संपल्यावर बाई खूश होऊन म्हणाल्या, "किती सहज बसलात तुम्ही! मागच्या वेळच्या घरात फार फसले मी. त्यांनी टोपी नाटकवाल्यांकडून आणली होती, डफ भाड्याचा होता आणि शेळी तर चक्क कुणाच्या तरी गोठ्यातून मागून आणलेली! छापून झाल्यावर कळलं मला."

"मागून आणलेली?" बाबा ताडकन उठले. "शोभेसाठी? अरे, लाजा कशा वाटत नाहीत या लोकांना! जे आहे ते दाखवायला काय होतं? असल्यांमुळेच आपली—"

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधले वकील उभे होते.

"झालं का तुमचं? उद्या कोर्ट आहे, पुस्तकं लागतील. कोट राहू द्या, सावकाश दिलात तरी चालेल."

चित्रकार बाईंनी छताकडे पाहिलं. आजीला खोकला आला. बाबांचा हात कोटाच्या बटणावर जाऊन तिथेच राहिला.

लेक मात्र वहीतल्या चित्रावर वाकली होती. "हे काका कोण?"

"अगं, मीच तो."

तिने चित्राकडे आणि बाबांकडे आळीपाळीने पाहिलं. "वर्गात सगळ्यांना माहितीय, माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते विचारतील, ते बाबा कुठायत? मग मी काय सांगू?"

मग तीच समजुतीने म्हणाली, "असू दे. ते आजारी आहेत म्हणून सांगते."

बाबांनी कोट उतरवून वकिलांच्या हातात दिला. आजीला मोबाईल परत केला. बाल्कनीतली पेटी आणून ती खोलीच्या मधोमध, पुस्तकात शेळी उभी होती त्याच जागी ठेवली आणि बनियनवर तिच्याशेजारी बसले.

"बाई," ते खाली बघत म्हणाले, "एक पान शिल्लक असेल का वहीत?"