परबकाका विरुद्ध अमेरिकेतला कोच

अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या कोचला घोडपदेवच्या चाळीतून मारलेली हाक ऐकू जात नाही, ही गोष्ट आमच्या मजल्यावर फक्त परबकाकांनाच माहीत नाही. तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी सहाला लागते आणि सव्वासहाला काका गर्जतात, "अरे मेल्या, त्येका बसव मरे! दमलो तो!" आमच्याकडे कुणी गजर लावत नाही.

मी त्यांचा शेजारी. मॅच बघायला जातो तो काकांच्या हातच्या चहासाठी, असं आमच्या हिचं मत आहे. समोरच्या खोलीतला कांबळेही येतो. तो कॉलेजच्या टीमचा कप्तान होता, म्हणून त्याला मतं आहेत. मी शाळेत एकदा आपल्याच बास्केटमध्ये बॉल टाकला होता, तरी मलाही आहेत.

काका गोदीच्या टीमकडून खेळायचे. पहिल्या पाचांत कधीच नाही, कायम सहावे. कुणी दमला की उतरायचे. "सहावो माणूस म्हणजे टीमचो श्वास!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. साहजिकच त्या अमेरिकन संघातला त्यांचा लाडका म्हणजे सदतिशीचा, बाकावरचा एक खेळाडू. त्याचं नाव जिभेवर बसेना, म्हणून काकांनी त्याचा नाना केला. नवा कोच आला आणि पहिल्या पाचांनाच मरेस्तोवर पळवू लागला. नाना टॉवेल मांडीवर घेऊन बसलेला.

"विकून टाका नानाला," कांबळे म्हणायचा. "बदल्यात दोन तरणी पोरं येतील."

"आधी तुकाच विकतंय! पण गिरायक मिळूचा नाय!"

हा सगळा खेळ काका टीव्हीला नाक लावून बघतात, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरच्या संघाने बास्केट केली तरी शाबासकी देऊन मोकळे होतात. डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशनची तारीख दिली, काकांनी दोन्ही मोडल्या. गेल्या गणपतीपासून काकू अंथरुणावर आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं एकदोन शब्दांवर आलं. भरवणं, पुसणं, कूस वळवणं, सगळं काका एकटे करतात. ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. "मग हिचा कोण करतलो?" "आम्ही करू" म्हणून आम्ही हात वर करायचो आणि काका मॅचकडे वळायचे. आता तिसरी तारीख मिळाली होती, येत्या गुरुवारची. ही टाळलीत तर पुढचं मी सांगू शकत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि त्याच आठवड्यात मी माती खाल्ली. शनिवारी फोनवर बातमी वाचली आणि धावतच काकांच्या खोलीत शिरलो. "काका, नाना गेला! दुसऱ्या संघाला दिला!"

कांबळेने टाळी वाजवली. काकांनी टीव्ही बंद केला.

सोमवारी सकाळीही काकांचा टीव्ही बंदच, आणि अख्खा मजला कामावर उशिरा पोचला. मी सगळ्यात शेवटी. मजल्यावरचे लोक माझ्याकडे रागाने बघत होते, आणि बातमी खोटी, थट्टेखोरांच्या पानावरची होती हे मला तेव्हा कळलं. खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलं होतं म्हणे. बारीक अक्षरं वाचायची मला सवय नाही.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. काका काकूंना पेज भरवत होते. चमचा तोंडाच्या बोटभर बाजूने गेला, पेज उशीवर. पुढचा चमचा आला तेव्हा काकूंनीच मान वळवून तो ओठांत धरला. दोघांनाही सवयीचं असावं.

"नाना आहे तिथेच आहे, काका. मी गाढव आहे."

"ता माका ठाऊक आसा."

एरवी मी इथेच पळ काढला असता. त्या दिवशी मात्र बैठक मारली. "काका, पाचच जणांना पळवतो तो कोच कसला?"

"येडो."

"आणि सात महिने एकाच माणसाला खेळवतो तो?"

चमचा वाटीतच राहिला. काका म्हणाले, "ती दुसऱ्याच्या हातचा खायत नाय रे."

"बघू तरी."

"आणि खाल्ल्यान, तर?" काका काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले. "मग माझा काय काम?"

मी घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही विचारत बसणाऱ्यांतली नव्हे. बुधवारी संध्याकाळी पेजेची वाटी घेऊन सरळ परबांकडे गेली आणि काकांना म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

काका गॅलरीत माझ्या आणि कांबळेच्या मध्ये बसले. उठले, बसले, पुन्हा उठले. "काकूंना उचलायचं काम माझ्याकडे," कांबळे म्हणाला. काकांचं लक्ष आतल्या चमच्याच्या आवाजाकडे.

"संपली हो सगळी पेज!" आतून ही ओरडली.

"खाल्ल्यान," काका म्हणाले आणि खाली बघत राहिले.

मग काकूंचा आवाज आला. "अहो..."

पाठोपाठ ही दारात आली. "पोट भरलंय, तोंड पुसलं, उशी बदलली. काय हवंय विचारते, तर माझ्याकडे बघायलाही तयार नाहीत. सारखं तुम्हालाच बोलावतायत."

काका उठले. विस्कटलेले केस हाताने चापून बसवले, "उद्या किती वाजता निघूचा?" असं कांबळेला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.