अगारकाकांचा राजीनामा

सकाळी सात वाजता अगारकाकांनी प्लेटा ठेवायचं उबदार कपाट उघडलं. बाराच्या बारा प्लेटांतलं अगार खचलं होतं. कुठे खड्डा, कुठे भोक, कुठे नुसतं पाणी.

समुद्री शेवाळापासून निघणारं हे अगार शिजवून प्लेटांत ओतायचं, आणि ते थिजलं की त्यावर संशोधकांनी आपापले जिवाणू वाढवायचे, ही प्रयोगशाळेची रीत. ओतणारे हात एकतीस वर्षं तेच. खरं नाव हजेरीपटापुरतं. बाकी सगळ्यांचे ते अगारकाका. एकतीस वर्षांत त्यांची एक प्लेट ढिली निघाली असेल तर शपथ!

या प्लेटा गोगलगायवाल्या ताईंच्या. समुद्रातली गोगलगाय शेवाळ पचवते, म्हणजे ते विरघळवणारं विकर तिच्या पोटातले जिवाणू तयार करत असणार, असा त्यांचा तर्क. तीन वर्षं त्या त्याच्यामागे होत्या. प्लेटेतलं अगार विरघळलं, की गड जिंकला. एवढी साधी गोष्ट, पण ती काकांना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"गेली अब्रू," काका पुटपुटले. ढिली प्लेट संशोधकाच्या नजरेस पडू द्यायची नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी बाराही प्लेटा उकळून फेकल्या, नव्या ओतल्या, वरची अक्षरं हुबेहूब उतरवली आणि साळसूदपणे भांडी घासायला लागले.

अकराला ताई आल्या.

"काका, एकसुद्धा खड्डा नाही हो!"

"कसा असेल? माझ्या हातचं आहे."

ताईंचा चेहरा उतरला. पोरीची झोप झाली नसावी, असं काकांना वाटलं.

जिवाणू मेले असं समजून ताईंनी राखीव नळीतले नवे पसरले. त्यासाठी काकांनी दीडपट अगार घातलं. दोन दिवसांनी पुन्हा पाणी. काकांनी पुन्हा फेकलं, पुन्हा ओतलं. ताईंनी दुसरी नळी काढली, काकांनी अगार दुप्पट केलं. तेही गेलं.

घरी सगळं ऐकून बायकोने विचारलं, "पाणी बदललं का तिथलं?"

"पाणी तेच. भांडं तेच. चूल तीच."

"मग तुमचं वय झालं," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. काका ताटावरून उठले.

त्यात ताई ओट्याशी उभ्या राहून रडल्या. "शेवटची नळी आहे, काका. यातही काही झालं नाही, तर काम बंद करायचं. तीन वर्षं पाण्यात."

काका हादरले. आपलं अगारच पोरीच्या मुळावर आलंय! त्यांनी तिप्पट घातलं, डोळ्यांत तेल घालून ढवळलं, नवस बोलायचं तेवढं बाकी ठेवलं.

दोन दिवसांनी कपाट उघडलं. पाणी.

या वेळी काकांनी प्लेटा फेकल्या नाहीत. ट्रेवर फडकं टाकलं, राजीनामा लिहिला आणि तडक साहेबांची खोली गाठली. समोर ताई आधीच बसलेल्या, त्यांच्याही हातात कागद. आज प्लेटा बघायचासुद्धा धीर त्यांना झाला नव्हता.

"साहेब, पोरीची काही चूक नाही," काका म्हणाले. "माझंच अगार धरत नाही. तिप्पट घातलं तरी नाही." त्यांनी फडकं काढलं.

ताई ताडकन उठल्या. "हे कधीपासून होतंय?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्हाला दिसू नये म्हणून टाकून देत होतो."

"टाकून? अहो काका, माझ्या दोन नळ्या वाया घालवल्यात तुम्ही!" त्या ओरडल्या, आणि ओरडता ओरडताच हसायला लागल्या, मग रडायला. "तीन वर्षं मी हेच शोधतेय! माझे जिवाणू तुमचं अगार खातायत. तिप्पट घट्टसुद्धा खाल्लं!"

साहेबांनी चष्मा पुसला. कुणाचं अभिनंदन करावं, त्यांना कळेना.

काका मात्र हसले नाहीत. ते प्लेटांवर वाकले.

"म्हणजे अगार नीट धरलं होतं?"

"पक्कं धरलं होतं, काका."

"आणि यांनी खाल्लं."

"हो!"

काकांनी राजीनाम्याची घडी घालून खिशात ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"उद्या चौपट घालतो," ते गंभीरपणे म्हणाले. "बघतोच एकेकाला."