मिस्त्रीचा घसाफाड्या

शमुवेल मिस्त्री प्रार्थना करायचे तेव्हा माझ्या दवाखान्यातल्या बाटल्या थरथरायच्या. अतिशयोक्ती करत नाही. साताऱ्यात आमच्या गाळ्यांमध्ये एक विटेची भिंत होती. अलीकडे माझी होमिओपॅथी, पलीकडे त्यांचं मोटार रिवायंडिंग, म्हणजे मोटारीत नवी तार भरून द्यायचं काम. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि डोकेदुखीचे पेशंट माझ्याकडे. पेशंट बाकावर टेकला रे टेकला, की पलीकडे गिटार किंचाळायची आणि कुणी गोरा माणूस जिवाच्या आकांताने ओरडायला लागायचा. निम्मे पेशंट तपासण्याआधीच उठून जायचे. उरलेल्यांचं डोकं आणखी चढायचं.

मी भिंतीवर मूठ आपटायचो. पलीकडून उत्तर यायचं, "डॉक्टर, प्रार्थना चाललीया! जरा मान ठेवा की!"

"ही प्रार्थना?"

"मग काय तमाशा हाय?"

नव्वदनंतरची काही वर्षं मी हे सोसलं. अजून आठवलं तरी माझं पित्त खवळतं.

मिस्त्री पन्नाशी उलटलेले, आजोबांच्या काळापासूनचे ख्रिस्ती. अंगाला कायम वार्निशचा वास आणि नाकावर कायम राग. त्यांच्याकडे कॅसेटींची एक पेटी होती. परदेशातल्या ख्रिस्ती पोरांनी काढलेले रॉकचे बँड, पण चर्चमध्ये कुणी दारात उभं करणार नाही असे. कव्हरांवरचं इंग्रजी मिस्त्रींना लागत नसे, म्हणून त्यांनी स्वतःच बारसं केलं होतं. एक 'घसाफाड्या'. एक 'पाणबुड्या', कारण त्याची गिटार विहिरीच्या तळातून आल्यासारखी वाजायची. एक 'रुसका', तो निम्मं गाणं होईपर्यंत तोंडच उघडायचा नाही. जळकी मोटार उघडताना घसाफाड्या, तार गुंडाळताना पाणबुड्या, वार्निश वाळेपर्यंत रुसका. यात बदल नाही.

एकदा एक निवृत्त सुभेदार मोटार घेऊन आले. रणगाड्याला न भ्यालेला माणूस कानावर हात ठेवून म्हणाला, "आवं मिस्त्री, ह्यो का वरडतोय? कुनी मारलं का त्येला?"

"देवानं."

"आं?"

"देवानं मारलंय. म्हनून देवालाच हाका मारतोय. दुसऱ्या कुनाला मारंल?"

सुभेदार मोटार तिथेच टाकून चहाला निघून गेले.

मी एकदा चिडून विचारलं, की बाबा रे, यात तुम्हाला गोड काय लागतं? मिस्त्री म्हणाले, "आमच्या देवळात समदे देवाची खुशामत करत्यात, सायबाची करावी तशी. ही पोरं भांडत्यात. भांडतो त्यो घरचा असतोय, डॉक्टर. पावना कवा भांडतो का?" बोलणं बिनतोड होतं, म्हणून मी आणखी चिडलो.

पण या संगीताचं म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. पाचगणीच्या एका बोर्डिंगातली दोन लांब केसांची पोरं आली, ऐकलं आणि हसली. "अंकल, हे रॉक नाही, हे तर भजन आहे!" मिस्त्री लाकडी हातोडा घेऊन त्यांच्या मागे चौकापर्यंत पळाले. उलट चर्चचे पंच म्हणायचे, हे सैतानाचं संगीत. त्यात सगळ्यात मोठा आवाज पंचांच्या चिटणिसाचा. आणि चिटणीस होता दानिएल, मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा.

दानिएल सरकारी कचेरीत कारकून. पँटच्या इस्त्रीची धार अशी, की तिने भाजी चिरावी. त्याच गावात वेगळं बिऱ्हाड करून राहायचा आणि बापाशी तीन वर्षं बोलत नव्हता. कारण त्यानेच मला सांगितलं, पोटदुखीचं औषध घ्यायला आला तेव्हा. त्याची आई राहेल वारली. दफनाच्या वेळी चर्चचे पाळकसाहेब "प्रभूची इच्छा" म्हणाले, मंडळींनी गोड सुरात गीत धरलं, आणि मिस्त्री हातातलं गीतांचं पुस्तक आपटून तिथून चालते झाले. आईला मूठभर माती न देता.

"बापानं आईला माती दिली न्हाई, डॉक्टर," दानिएल म्हणाला, "आन् आता बसतोय गानी ऐकत." मला वाटलं, बापलेकांना समोरासमोर उभं करून दोघांच्याही थोबाडीत द्यावी. साबुदाण्याच्या गोळ्या दिल्या.

पेटीची गोष्ट मात्र मिस्त्रींनीच मला सांगितली. त्या दफनानंतर मिस्त्री पाचगणीला एका शाळेचा पंप दुरुस्त करायला गेले होते. तिथला एक परदेशी मास्तर सामान बांधत होता आणि त्याच्या खोलीत घसाफाड्या ओरडत होता. मिस्त्रींनी विचारलं, ह्यो काय म्हनतोय? मास्तरने मोडक्या हिंदीत एकेक ओळ समजावली. मिस्त्री जिन्यात बसून रडले. तोवर ते रडले नव्हते. मास्तरने अख्खी पेटीच त्यांना देऊन टाकली.

मग एका साली कापणीचा सण आला. सुगी झाली, की ही मंडळी आपापल्या शेतातलं काहीतरी चर्चमध्ये अर्पण करतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. मिस्त्री धुवट शर्ट घालून माझ्या दारात उभे. "डॉक्टर, चला. एकट्याचा पाय उचलंना." माझा रविवार गेला म्हणून मी वाटभर कुरकुरत गेलो.

टेबलावर भोपळे, अंडी, उसाची मोळी, पाय बांधलेली कोंबडी. मिस्त्रींनी त्यात घसाफाड्या ठेवला. लिलाव पुकारत होता दानिएल. त्याने कॅसेट उचलली आणि उलटीपालटी करून बघत राहिला.

एक पंच म्हणाले, "शमुवेल, ही काय कापनी? शेतातलं आनायचं असतंय."

"माज्या शेतात ह्येच पिकतंय," मिस्त्री म्हणाले.

सगळं अंगण हसलं. आणि माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. ना माझा धर्म, ना माझं चर्च, पण मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "दात काय काढताय? मी तीन वर्षं हे भिंतीआडून ऐकतोय! मला ते अजिबात आवडत नाही! पण राहेलबाई गेल्यावर हा माणूस हेच ऐकून रडलाय! तुमच्या भोपळ्यापेक्षा जास्त रक्त आटलंय त्यात!"

दानिएलने बोली पुकारलीच नाही. कॅसेट स्वतःच्या खिशात घातली आणि म्हणाला, "हे मी घेतलं. फुडं. कोंबडी."

परत येताना मिस्त्री एवढंच बोलले, "टाकून दील त्यो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या गाळ्यात चहा पीत बसलो होतो. पायरीशी दानिएल येऊन उभा राहिला, हातात कॅसेट. आत येईना.

"समदी ऐकली," तो म्हणाला. "काय कळलं न्हाई. पप्पा, ह्यात आईचं कुटलं?"

मिस्त्रींनी कॅसेट घेतली. फीत मागेपुढे करून गाणं लावलं आणि आवाज पार चढवला. घसाफाड्या ओरडायला लागला. मिस्त्री त्याच्यावर कडी करून एकेक ओळ सांगू लागले.

"हितं त्यो म्हनतोय, मी एकला पडलो, तवा तू कुटं हुतास?"

"देवाला म्हनतोय?"

"व्हय, देवाला." मिस्त्री टेपकडेच बघत होते. "आन् तुला बी."

दानिएलचा चेहरा लाल झाला. तोही ओरडला, "आन् तुमी? माती देताना तुमी कुटं हुता, पप्पा?"

मिस्त्रींनी तोंडावर दोन्ही हात घेतले आणि खांदे गदगदा हलू लागले. दानिएल पायरी चढून आत आला, आणि जळक्या तारांच्या ढिगात, वार्निशच्या डागांवर, त्या इस्त्रीच्या पँटसकट बापाला लागून बसला.