सरळ नावाची उलटी पाटी

नारायणराव सरांना मुख्याध्यापक व्हायचं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी सांगूनच टाकलं होतं, "बुलढाण्याच्या विज्ञान प्रदर्शनात शिक्षकांमधून पहिला नंबर आणा, खुर्ची तुमची." सर वीस वर्षं वडनेर भोलजीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. या वीस वर्षांत त्यांनी साधा फ्यूज बांधला नव्हता. बी.एस्सी. मात्र ते दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा लिहीत.

त्यांनी एका मासिकातून टाकी भरली की वाजणाऱ्या घंटीचं सर्किट उतरवलं. वायरीला वायर जोडणं हे अडाण्यांचं काम. सरांना छापील सर्किट पाहिजे होतं, तेही घरी केलेलं. कृती मासिकात होती. चित्राची झेरॉक्स गुळगुळीत कागदावर काढायची, तो कागद तांबं चढवलेल्या पाटीवर पालथा ठेवून वरून इस्त्री फिरवायची. झेरॉक्सची काळी भुकटी वितळून तांब्याला चिकटते. मग कागद धुऊन पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायची. उघडं तांबं विरघळतं, काळ्या रेघांखालचं उरतं.

पाटी घ्यायला सर गुलाबरावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. गुलाबराव सातवी नापास, पण आसपासच्या दहा गावांतले रेडिओ त्याच्याच जिवावर बोलत होते. त्यानं सरांचं चित्र पाहिलं.

"सर, झेरॉक्सच्या आंधी हे पलटवून घ्या. कागद पालथा पडते, त्याच्यानं पाटीवर सारं उलटं येते."

चित्राच्या कोपऱ्यात सरांनी ठसठशीत लिहिलं होतं : नारायणराव, बी.एस्सी.

"म्हंजे माह्यं नाव उलटं लिहू? मी मेलो काय बे?"

"कागदावरच उलटं, सर. पाटीवर सरळ येईन."

"सातवी नापास तू, अन् मले शिकवून राह्यला?"

गुलाबरावनं पाटी आणि फेरिक क्लोराइडची पुडी बांधून दिली. डिग्रीवाल्यापुढं गप्प बसायची सवय आपल्याकडं शहाण्या माणसालाच लावलेली असते.

खामगावात झेरॉक्सचं मशीन नवं नवं आलं होतं. सर यष्टीनं जाऊन कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर सरळ नावाची सरळ कॉपी काढून आले. घरी पुष्पाबाई देवळात गेलेल्या पाहून इस्त्री तापवली, छाप उमटवला आणि स्वयंपाकघरातून पितळेची परात उचलली. धातूचं भांडं वापरू नये, असं मासिकात स्पष्ट लिहिलं होतं, पण ते पुढच्या पानावर. पितळेत तांबं असतं हे सरांनी आठवीला मागच्याच आठवड्यात शिकवलं होतं. मुलांना पाठ झालं होतं. सरांना नव्हतं.

फेरिक क्लोराइडनं पाटीबरोबर परातही खायला घेतली. परातीच्या बुडाचं भोक बुजवायला कधीकाळी दिलेला कथलाचा डाग आधी सुटला. पिवळं पाणी फरशीवरून वाहत गेलं आणि प्रदर्शनासाठी घडी करून ठेवलेल्या सरांच्या पांढऱ्या सदऱ्यात शिरलं. तेवढ्यात पुष्पाबाई आल्या.

"अवो, हे काय करून ठेवलं? माह्या मायची परात व्हती!"

"विज्ञानासाठी त्याग करा लागते."

"मंग तुमच्या मायची घ्याची व्हती!"

सरांनी पाटी धुतली. रेघा सुरेख आल्या होत्या, पण सगळ्या उलट्या. नावही उलटं. स्वतःचं उलटं नाव पाहून सरांच्या अंगावर काटा आला. अपशकून नको म्हणून या विज्ञान शिक्षकानं ब्लेड घेतलं आणि नाव खरवडून काढलं. प्रदर्शन उद्यावर आलं होतं. ते पाटी घेऊन गुलाबरावकडं पळाले.

"तुह्या पाटीतच खोट आहे बे."

गुलाबरावनं पाटीकडं पाहिलं, मग सरांकडं. "राहू द्या. पार्ट तांब्याच्या मांगच्या बाजूनं बसवतेत, आपण तांब्याच्या बाजूनंच डकवू. उलट्याचं उलटं झालं का सरळ."

"कोणी पाह्यलं तर हसतीन ना!"

"घंटी वाजली तर काऊन हसतीन?"

बुलढाण्याला सर डागाळलेल्या सदऱ्यावर कोट चढवून उभे राहिले. सामान उचलायला गुलाबराव सोबत होता. परीक्षक आले, पाटीवर वाकले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पार्ट तांब्याच्या बाजूनं? हे कोणी केलं?"

सरांनी झटकन शेजारी बोट दाखवलं. "साहेब, हे सगळं ह्या गुलाबरावचं. पाटीही त्याचीच. मी बी.एस्सी. आहे, मी असं कसं करीन?"

"तुमचा काहीच हात नाही?"

"बोटसुद्धा नाही, साहेब!"

"लेखी देता?"

सरांनी तिथल्या तिथं लिहून दिलं. सही केली. सहीपुढं बी.एस्सी. लिहिलं.

परीक्षकांनी मग बादलीत पाणी ओतलं. पाणी तारेला टेकलं आणि घंटी अशी खणखणली, की शेजारच्या टेबलावरचे गुरुजी दचकून उभे राहिले.

"चाळीस टेबलं पाहिली," परीक्षक म्हणाले. "सगळीकडं पुस्तकातून उतरवलेलं. उलटी पाटी फेकून न देता चालवून दाखवली, ती फक्त इथं. पहिला नंबर."

सर पुढं सरसावले. "साहेब, एक खुलासा करायचा..."

"खुलासा आलाय तुमचा. सही आहे त्याच्यावर." परीक्षक गुलाबरावकडं वळले. "तुम्ही शिक्षक नाही, तेव्हा हे बक्षीस विशेष म्हणून देतो. नाव सांगा. मार्गदर्शक म्हणून कोणाचं लिहू?"

गुलाबरावनं सरांकडं पाहिलं. सरांनी कोटाची बटणं लावून मान ताठ केली.

"सरचंच लिहा, साहेब," गुलाबराव म्हणाला. "ते सांगत गेले, मी तसं नाही केलं, म्हून वाजली."