निळ्या दाराचं घर

सहलवाल्यांच्या पत्रकात स्पष्ट छापलं होतं: 'निळ्या दाराच्या घरी उतरावे. आपण पाहुणे नाही, घरचेच आहात. कोणी स्वागत करणार नाही. मिळेल ते काम निमूट करावे. प्रश्न विचारू नयेत.' दोन दिवस गावातलं खरंखुरं जगणं अनुभवायचं, अशी ती सहल होती. त्याने पत्रक बसमध्ये चारदा वाचलं. कचेरीत त्याला 'परिपत्रक' म्हणत ते काही उगाच नाही. छापील कागदापुढे त्याचं डोकं चालत नसे, आणि तीस वर्षांत त्याने कागदावर एक ओळ खोटी लिहिली नव्हती. निळं दार दिसताच तो बायकोला घेऊन सरळ आत घुसला. गावात निळी दारं दोन आहेत, हे काही पत्रकात नव्हतं.

अंगणात दहा-बारा माणसं खाली मान घालून बसली होती. कोणी साधं 'या' म्हटलं नाही.

"बघ! अगदी लिहिल्याप्रमाणे," तो खूश झाला.

"अहो, मला काही हे ठीक दिसत नाही."

"प्रश्न विचारायचे नाहीत!"

बायकोला शेजारणींनी परसात कांदे चिरायला बसवलं. तिचे डोळे वाहू लागले, तशी एकीने पाठीवर हात फिरवला. "रडा बाई, मोकळं वाटेल." इकडे गावच्या सुताराने त्याच्या हाती फावडं दिलं.

"शहरातून आलात ना? चला लवकर. वेळ नाही."

"किती खोल खणायचं?"

"छातीइतकं."

"बाप रे! झाड मोठं दिसतंय."

सुतार त्याच्याकडे बघतच राहिला. "हो. जुनं झाड होतं."

तासाभराने परिपत्रकाने खड्ड्यात उभं राहून स्वतःचा हसरा फोटो काढला. "काय गारवा आहे! इथून हलूच नये असं वाटतं." तेवढ्यात चौघांनी निळ्या दारातून लांबट लाकडी पेटी बाहेर आणली, आणि त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं.

"म्हातारा जन्मभर सांगायचा," सुतार त्याला वर ओढत म्हणाला, "शहरात माझा भाचा आहे, मोठा साहेब. मी गेलो की धावत येईल. आम्ही टिंगल करायचो. सकाळपासून त्याची म्हातारी दारात बसून होती. तुम्ही आलात, तिची लाज राहिली. पण काय हो, भाचेच ना तुम्ही?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. खड्ड्यापलीकडे म्हातारी उभी होती. खरं सांगितलं तर नवऱ्याला मूठमाती देताना भर गावात तिचं हसं होणार.

"हो," तो म्हणाला. "मामा होते माझे."

आणि काय सांगावं, त्याला खरंच रडू कोसळलं. बायको आधीपासून रडतच होती. कांदे चांगलेच तिखट होते.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर त्याने हात जोडले. "आजी, माफ करा. आम्ही तुमचे कोणी नाही. चुकून शिरलो."

"ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. "अनाथ होते ते. ना बहीण, ना भाचा. लोक आगापिछा नसलेला म्हणून हिणवायचे, तेव्हा एकदा रागाच्या भरात भाचा काढला. मग काय, त्याला मोठा करावाच लागला. शाळा, नोकरी, लग्न, सगळं आम्ही दोघं गावाला सांगत आलो. मागच्या वर्षी तुम्हाला बढतीसुद्धा दिली."

परिपत्रकाला बढती मिळालीच नव्हती. त्याला उगाचच बरं वाटलं.

"मुलं किती दिलीत आम्हाला?" बायकोने हळूच विचारलं.

"दोन. थोरली मुलगी."

वीस वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून हात हलवत परतलेली ती बाई जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "नावं काय ठेवलीत?"

"ती तुम्ही ठेवा. पुढच्या वर्षी याल तेव्हा लोक विचारतील."

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर सहलवाला त्यांच्यावर खेकसला. "होतात कुठे? तिकडे घरवाले वाट बघून दमले! आता हा अभिप्राय तरी भरून द्या."

बसमध्ये बसल्यावर परिपत्रकाने अर्ज गुडघ्यावर घेतला. 'घरच्यासारखे वाटले का?' यापुढे त्याने बरोबरची खूण केली. खाली विचारलं होतं, 'कुटुंबातील एकूण व्यक्ती?' त्याने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत ओठांतल्या ओठांत नावं जुळवून पाहत होती.

त्याने सावकाश, ठसठशीत अक्षरात 'चार' लिहिलं आणि खाली सही केली.